फाटकावरचा शिक्का

घड्याळाला चुकता येत नाही, असं यशोधरा स्वतःच म्हणाली होती, आणि तेही चारचौघांत. कारखान्याच्या कंट्रोल रूमच्या गच्चीवर वेळेची अँटेना बसवली त्या दिवशीची गोष्ट. जनरल मॅनेजर मोहनराव कमरेवर हात ठेवून वर बघत होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, भिंतीवर एक घड्याळ असताना हे दुसरं कशाला?"

"साहेब, भिंतीवरचं घड्याळ किती वाजले ते सांगतं. हे सांगेल, आधी काय झालं आणि मागून काय झालं. दोन्ही गोष्टी पापणी लवायच्या आत घडल्या तरी."

"आणि चुकलं तर?"

"याला चुकता येत नाही."

त्या वेळी सगळे कौतुकानं हसले होते. पॅनलवरचे राधाकिशनमामा तर सर्वांत जास्त. युसूफ वडगाव या गावची पोर अंबाजोगाईला शिकते काय, इंजिनिअर होऊन आपल्याच तालुक्यातल्या कारखान्यात येते काय आणि साहेबाला ताडकन उत्तर देते काय, याचा त्यांना घरच्यासारखा अभिमान होता. आज तेच वाक्य त्यांच्या मानेवर येऊन बसलं होतं.

झालं होतं असं. आदल्या दिवशी ऊस गाळप भरात असताना कारखान्याची वीज बनवणारी टर्बाइन एकाएकी बाहेरच्या लाइनपासून तुटली. मोठा ब्रेकर खाडकन उघडला, टर्बाइन हिसका खाऊन थांबली आणि तिच्यामागून सबंध कारखाना. गव्हाणीतला ऊस जिथल्या तिथे राहिला. यार्डात ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाड्या एकामागे एक अडकल्या. बैल सोडून माणसं गाड्यांच्या सावलीत बसली. पुन्हा सगळं सुरू व्हायला दुसरी सकाळ उजाडली.

आता हा ब्रेकर दोन तऱ्हांनी उघडतो. बाहेरच्या लाइनवर बिघाड झाला तर रिले नावाची राखणदार पेटी त्याला हुकूम देते आणि तो आपोआप उघडतो. नाहीतर पॅनलवरचा दांडा फिरवून माणूस उघडतो. नोंदींच्या कागदावर लिहिलेलं होतं, ब्रेकर आधी उघडला आणि रिलेचा हुकूम मागून आला. अंतर अगदी थोडं, पण क्रम स्पष्ट. हुकमाआधी उघडला म्हणजे हातानं उघडला. आणि त्या वेळी खोलीत हात होते ते फक्त राधाकिशनमामांचे.

"मी दांड्याला हात लावला न्हाई," मामा मोहनरावांच्या केबिनमध्ये उभे राहून म्हणाले. सकाळपासून त्यांनी दुसरं काही म्हटलंच नव्हतं.

"मामा, तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. अंगाचा धक्का लागला असेल, बाही अडकली असेल."

"बाही अडकायला दांडा काय बोराटीचं झाड हाय का साहेब? कळ दाबून फिरवावा लागतोय."

मोहनरावांसमोर टाइप केलेला कागद होता. राधाकिशनमामांना पॅनलवरून काढून यार्डात, ऊस उतरवायच्या जागी पाठवायचा हुकूम. उभी हयात ज्यांनी पॅनलसमोर काढली, नव्या पोरांना ज्यांनी दिवे आणि काटे वाचायला शिकवले, त्यांना आता क्रेनखाली शिट्टी मारत उभं राहायचं होतं. पगार तोच राहणार होता. पण गावात त्याचा अर्थ एकच निघाला असता, की राधाकिशनच्या हातानं कारखाना बंद पडला.

मोहनरावांनी यशोधराकडे पाहिलं. "घड्याळ तुमचं आहे. तुम्हीच सांगा."

"साहेब, हा क्रम मला पटत नाही. रिलेनं हुकूम दिला तो बाहेरच्या लाइनवर काहीतरी झालं म्हणून. ब्रेकर आधीच उघडा असेल तर त्याला बाहेरचं दुखणं कळलं कसं?"

"हातानं उघडला की मशीन हिसका खातं आणि रिले मागून ओरडतो. मी स्वतः पाहिलंय हे."

हे खरं होतं. असं होऊ शकतं, हे यशोधरालाही माहीत होतं.

"तर मग सही करायच्या आधी मला घड्याळ तपासू द्या."

"काल-परवापर्यंत तर त्याला चुकता येत नव्हतं."

"काल-परवापर्यंत त्याच्या साक्षीवर कुणाचं काही अवलंबून नव्हतं."

मोहनराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "संध्याकाळच्या शिफ्टआधी सांगा. तोवर मामा, तुम्ही पॅनलला हात लावायचा नाही."

मामांनी खिशातली खोलीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. कुणी मागितली नव्हती तरी ठेवली.

यशोधरा कंट्रोल रूममध्ये आली. तिच्या मनात गोंधळ नव्हता. साक्षीदार दोन होते. रिलेला वेळ मिळायची ती थेट अँटेनाच्या तारेतून. ब्रेकर कधी उघडला ते टिपणाऱ्या संगणकाला मात्र वेळ मिळायची नेटवर्कवरून, पाकिटांतून. अँटेनाखालचं मुख्य घड्याळ सतत छोटी छोटी पाकिटं पाठवायचं, आत्ता अमुक वाजले, आत्ता अमुक वाजले. संगणक ती बघून आपला काटा जुळवायचा. दोघांपैकी कुणी खोटं बोलत असेल तर तो संगणकच. मामांनी दांड्याला हात लावला नाही, याबद्दल तिला जेवढी खात्री होती तेवढीच याबद्दलही होती. सापडायचं होतं ते एवढंच, की तो खोटं कसं बोलतोय.

आणि ते काही सापडेना. पाकिटं येत होती. एकही हरवत नव्हतं. पडद्यावर सगळे ठिपके हिरवे होते. पडद्यावरची वेळ तिच्या मोबाइलमधल्या वेळेशी सेकंदाला सेकंद जुळत होती. तिनं तारा बदलून पाहिल्या. काही नाही. शेवटी ती उठली आणि चहा घ्यायला बाहेर पडली.

फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली मामा एकटेच बसले होते. शेजारच्या टोकनच्या टपरीत हरिबा, फाटकावरचा टोकनवाला, एका ट्रॅक्टरवाल्याशी भांडत होता.

"कावून नंबर मागं गेला माझा? मी उन्हं कलायच्या आधी आलतो!"

"आलता असशील. शिक्का कुठंय?"

"तुमी मारलाच न्हाई!"

"मी फकस्त आपल्या गटाच्या गाड्यांवर मारतो. तसा हुकूम हाय मला. तुजी गाडी गेटकेनची, बाहेरच्या उसाची, तिला माझा शिक्का न्हाई. तुला वजनकाट्यावरचा टाइम."

"पर काट्यावर पोचस्तोवर अर्धा दिस रांगेत गेला की!"

"मंग? शिक्का नसला की काट्यावरचा टाइम धरत्यात. हुज्जत नको घालू बे, पुढं घे गाडी, मागच्यांचे बैल खवळायलेत."

यशोधराच्या हातातला चहाचा कप तोंडापाशीच थांबला.

हरिबाचा शिक्का म्हणजे गाडी फाटकावर कधी आली त्याचा पुरावा. मग ती यार्डात कितीही रखडो. शिक्का नसेल तर ती काट्यावर पोचेल तेव्हाच आली असं धरलं जातं, आणि रांगेत गेलेला वेळ कुणाच्याच हिशेबात येत नाही. तिच्या संगणकातही अगदी असंच होतं. तार जिथं आत शिरते तिथं नेटवर्क कार्ड असतं. हे त्याचं फाटक. वेळेचं पाकीट आलं की त्या क्षणी कार्डानंच त्यावर शिक्का मारायचा. पण कार्ड येईल त्या पाकिटावर शिक्का मारत नाही. कोणत्या पाकिटांवर मारायचा ते त्याला सांगून ठेवावं लागतं. त्याला फिल्टर म्हणतात. आणि कार्डाचा शिक्का नसला तर तिचा प्रोग्राम कुरकूर न करता, पाकीट त्याच्या हातात पडेल ती वेळ लिहून मोकळा होतो. काट्यावरचा टाइम.

यंदा यार्डात नवे कॅमेरे बसले होते. त्यांची सगळी चित्रं त्याच संगणकात यायची. गाळप सुरू झालं, यार्ड भरलं, आणि संगणकाच्या आतलं यार्डही भरलं होतं.

"मामा, चला!"

"मला कुठं? मनाई हाय मला."

"पॅनलला हात लावायची मनाई आहे. माझ्या संगणकाच्या कपाटाजवळ उभं राहायला कुणी नको म्हटलेलं नाही."

आत येऊन तिनं या वेळी पाकिटांना नाही, सरळ कार्डालाच विचारलं, तू कशावर शिक्का मारतोस? उत्तर एका ओळीत आलं. कशावरच नाही.

"हे बघा," ती म्हणाली. "हरिबा टपरीत झोपलाय."

"हरिबा? तो तर आत्ता..."

"आमच्या संगणकातला हरिबा, मामा. पण याला मी स्वतः उठवून बसवलं होतं. झोपला कधी?"

कार्डाला दिलेला हुकूम संगणक चालू आहे तोवरच टिकतो. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला की कार्ड सगळं विसरतं. पण हा संगणक बंद होण्याचं कारणच नव्हतं. कारखाना बंद पडला तरी तो बॅटरीवर चालायचा. कालही चालू होता. तिनं कपाटाचं दार पूर्ण उघडलं आणि मागच्या बाजूला वाकून पाहिलं. एवढ्या धुरळ्याच्या कारखान्यात ती मागची बाजू आरशासारखी पुसलेली होती. पंख्याच्या जाळीत झेंडूची एक वाळकी पाकळी अडकली होती. आणि संगणकाच्या बटणावर, बरोबर मधोमध, कुंकवाचं बोट उठलेलं होतं.

ती सावकाश सरळ झाली. "मामा, खंडेनवमीला माझ्या कपाटाची पूजा कुणी केली?"

मामांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा उजळला. "म्या केली. तुमी आईला घेऊन नागपूरला गेलत्या ना, दीक्षाभूमीला. टर्बाइनीला हार, बॉयलरला हार, पंपाला हार, अन् तुमचं कपाट तेवढं बोडकं. बरं दिसंना. म्हणलं, आपली पोर इथं न्हाई तर तिच्या मशिनीला आपुन लावू कुकू."

"चालू मशीनला लावलं?"

"छ्या! चालू मशिनीला कुकू लावतेत का? आधी बंद केलं. ती बॅटरीची कळ बी बंद केली. फडकं मारलं, नारळ फोडला, मंग एकेक चालू केलं. समद्या लायटी हिरव्या लागल्या." ते थांबले. "कावून? नव्हतं करायचं?"

यशोधराला हसू फुटलं आणि ते तिला आवरेना. "मामा, तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध साक्षीदार उभा केलात. हार घालून!"

मामा हसले नाहीत. त्यांना आता सगळं कळत चाललं होतं. "म्हंजी ही चूक बी माझीच निघाली."

"मशीन बंद करून चालू केलं, ही चूक नसते." तिचं हसू थांबलं. "कार्डाला हुकूम मी तोंडी दिल्यासारखा दिला होता. दर वेळी उठल्यावर आपणहून द्यायचा, असं बसवायला पाहिजे होतं, ते राहिलं. आणि चालू झाल्यावर कार्डाला कुणी विचारलं पाहिजे, बाबा, जागा आहेस का? तेही मी केलं नाही. हे माझ्या नावावर. तुम्ही साहेबांना बोलवा."

"मी?"

"तुम्हीच. आणि जाताना हरिबाच्या टपरीतून दारावरच्या बेलचं नुसतं पडून असलेलं बटण घेऊन या."

मोहनराव आले तेव्हा तिची तयारी झाली होती. बेलच्या बटणाला दोन तारा जोडल्या होत्या. एक रिलेत गेली होती, दुसरी संगणकात.

"बटण एक, दाबणारा एक, दाबणं एकच," ती म्हणाली. "दोघा साक्षीदारांनी एकच वेळ सांगायला पाहिजे. बरोबर?"

"बरोबर."

"मामा, दाबा."

"त्यांना मनाई केलीय मी," मोहनराव म्हणाले.

"पॅनलला, साहेब. हे हरिबाच्या बेलचं बटण आहे."

मामांनी धोतराला बोट पुसलं आणि बटण दाबलं. पडद्यावर दोन ओळी उमटल्या. मोहनरावांनी चष्मा वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. संगणकाच्या मते मामांनी बटण दाबायच्या आधीच दाबलं होतं.

"पुन्हा दाबा."

पुन्हा तेच. संगणक मागे. कालच्या कागदावर ब्रेकर आणि हुकूम यांत जेवढं अंतर होतं, त्यापेक्षा हे चांगलं दुप्पट होतं.

"आता बघा," यशोधरानं कॅमेऱ्यांची तार काढली. काटा जुळायला थोडा वेळ दिला. मामांनी दाबलं. अंतर जवळजवळ मिटलं. तिनं तार परत लावली. अंतर परत आलं.

"कॅमेऱ्यांचा काय संबंध?" मोहनरावांनी विचारलं.

"साहेब, समजा 'आत्ता पाच वाजलेत' असा निरोप घेऊन मी माणूस पाठवला. तो वाटेत, तुमच्या दारातल्या गर्दीत रखडला. तुम्ही त्याच्या सांगण्यावरून पाच लावले. तुमचं घड्याळ मागे पडलं की नाही? तो तुमच्या फाटकात नेमका कधी शिरला त्याचा शिक्का असता, तर आत किती रखडला ते तुम्ही धरून घेतलं असतं. कॅमेरे म्हणजे ती गर्दी. शिक्का मारणारा खंडेनवमीपासून झोपलेला आहे. गाळप सुरू होईपर्यंत गर्दी नव्हती, म्हणून कुणाला कळलं नाही. काल यार्ड भरलेलं होतं."

"म्हणजे काल ब्रेकर..."

"हुकूम आधी आला. ब्रेकर मागून उघडला, नेमानं. संगणकानं त्याच्यावर जुनी वेळ टाकली."

मग तिनं कार्डाला हुकूम दिला, वेळेच्या या जातीच्या पाकिटांवर शिक्का मार. आणि या वेळी उत्तर वाचायला थांबली. कार्डानं कळवलं, या जातीच्या आणि तिच्या भावकीतल्या दोन-तीन जातींच्याही पाकिटांवर मारतो.

"मागितलं त्याहून जास्त देतंय," ती म्हणाली. "चालेल. कमी देत असतं तर भांडले असते."

काटा हळूहळू जुळला. कॅमेरे चालू, यार्ड भरलेलं. मामांनी बटण दाबलं. दोन्ही ओळी एकमेकींना चिकटून उमटल्या. मोहनरावांनी मामांच्या हातून बटण घेतलं आणि स्वतः दाबलं. मग पुन्हा. लहान पोरानं बेल वाजवावी तसं ते पाच-सहा वेळा दाबत राहिले.

"ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "मामा, माझी चूक झाली. पण यापुढे या खोलीत पूजाबिजा बंद. सगळा घोटाळा त्या कुंकवानं झाला."

मामांची मान खाली गेली. पॅनल परत मिळत होतं, पण दरसालचा त्यांचा नारळ जात होता.

"नाही साहेब," यशोधरा म्हणाली. "पूजा होऊ दे. मशीनलाच सवय लावू आपण. कुणी बंद करो, वीज जावो, काही होवो, उठल्याबरोबर त्यानं आपलं काम ओळखलं पाहिजे. मला थोडा वेळ द्या."

तिनं खुर्ची ओढली. उठल्यावर कार्डाला हुकूम द्यायचा, हे तिनं कायमचं बसवलं. दिलेल्या हुकमाचं उत्तर वाचायचं, आणि पाकिटांवर शिक्का दिसेनासा झाला की खोलीतला भोंगा वाजवायचा, हेही बसवलं. तोवर मोहनराव तिथेच थांबले. त्यांनी खिशातून तो टाइप केलेला कागद काढला, त्याची चौकोनी घडी घातली आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली.

"मामा," यशोधरा उठून उभी राहिली, "कुंकू आहे?"

पॅनलमागच्या कोनाड्यात मामांची पितळी कोयरी होती. ती घेऊन ते कपाटामागे गेले. आधी संगणकाची कळ बंद केली, मग बॅटरीची. खोलीत एक आवाज कमी झाला. त्यांनी फडकं मारलं, जुन्या बोटावर नवं बोट ठेवलं, हात जोडले. मग बॅटरी, मग संगणक. दिवे एकेक करून लागले. आणि भोंगा वाजू लागला.

"वाजतोय की!" मोहनराव दचकले.

"वाजू दे. अजून डोळे चोळतोय."

दोन श्वासांनी भोंगा आपोआप थांबला. तिनं कार्डाला विचारलं, कशावर शिक्का मारतोस? मघाचंच उत्तर आलं. भावकीसकट.

मामांनी केबिनमध्ये ठेवलेली खोलीची किल्ली मोहनरावांनी खिशातून काढून त्यांच्या पुढे केली. मामांनी ती घेतली, पॅनलसमोरच्या आपल्या खुर्चीवर बसले आणि सवयीनं डावीकडचा पहिला काटा वाचला. मग मान वळवून म्हणाले, "मॅडम, एक विचारू? आता तरी घड्याळाला चुकता येतंय का न्हाई?"

"येतं मामा," यशोधरा म्हणाली. "पण आता चुकलं की बोंब मारतं."